शिवणीतली माया

उसवणकाकूंकडे सगळ्यांचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या अंगठ्याच्या नखामुळे. साथ नुकतीच सुरू झाली होती. शाळा बंद, म्हणून शाळेच्या सभागृहात घरोघरची शिवणयंत्रं आणून एकमेकांपासून लांब लांब मांडली होती, आणि ज्यांना शिवता येत होतं ती माणसं तिथे बसून दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सांसाठी गाऊन शिवत होती. सगळ्यांची तोंडं झाकलेली. कोण कोण आहे ते डोळ्यांवरून, खोकण्यावरून आणि चालीवरून ओळखायचं. त्या गर्दीत एक किरकोळ अंगाच्या बाई दुसऱ्याच कुणी शिवलेला गाऊन मांडीवर पसरून बसल्या होत्या आणि डाव्या अंगठ्याचं नख शिवणीवरून सावकाश फिरवत होत्या. एका जागी नख अडलं. बाईंनी मान हलवली, अर्धं ब्लेड उचललं आणि काखेपासून मनगटापर्यंतची सगळी शिवण सर्रकन उसवून टाकली.

ती शिवण ज्यांची होती ते गृहस्थ शेजारच्याच यंत्रावर होते. जन्मभर बँकेत नोकरी केलेले, आणि शिवण शिकले होते तेही बायकोकडून, गेल्याच आठवड्यात. ते कळवळून म्हणाले, “अहो काकू, रक्ताचं पाणी करून शिवली होती हो ती.”

“दिसतंय ना,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “वाटेत दोनदा पाहुण्यांकडे जाऊन आलीय.”

सभागृह हसलं. त्या दिवसांत हसायला तेवढंही पुरायचं. बँकवाल्या काकांनी लगेच बारसं उरकून घेतलं, म्हणाले, आजपासून या आपल्या उसवणकाकू. काकूंनी डोळे मोठे केले, पण राग काही खरा नव्हता. घरी गेल्यावर मुलाला त्यांनी हे नाव दोनदा सांगितलं.

नवरा छापखान्यात होता, तो अकाली गेला. मुलगा तेव्हा शाळेतही जात नव्हता. काकूंनी यंत्र पुढ्यात ओढलं ते आजतागायत. शाळेचे गणवेश, खिडक्यांचे पडदे, लग्नाचे कपडे, हॉटेलातल्या वेटरांच्या बंड्या, जे येईल ते शिवलं. त्यांचा एकच हट्ट होता, वाकडा टाका घराबाहेर जाता कामा नये. गिऱ्हाईक म्हणायचं, चालेल हो, आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय. काकू म्हणायच्या, मी बघतेय. आणि कपडा परत घ्यायच्या. या हट्टावर घर उभं राहिलं, मुलगा शिकला, म्हणून तो हट्ट आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. त्यांना तो आपला स्वभाव वाटायचा, आणि चांगला वाटायचा.

हट्ट यंत्रापुरता राहिला असता तरी चाललं असतं. सून घरात आली ती नर्सची नोकरी घेऊन. गुणी मुलगी, पण पाळ्या करून दमलेली असायची. तिने घड्या घातलेल्या चादरी काकू पुन्हा उलगडून घड्या घालायच्या. तिने चिरलेली भाजी पुन्हा बारीक करायच्या. बोलायच्या काहीच नाहीत, टोमणा नाही की तक्रार नाही, फक्त पुन्हा करायच्या. एकदा सुट्टीच्या दिवशी सुनेने हौसेने पडद्याला दुमड घातली. दुसऱ्या दिवशी कामावरून आली तर पडदा तोच, जागा तीच, दुमड मात्र सासूच्या हातची. ती पडद्याजवळ जरा वेळ उभी राहिली आणि स्वयंपाकघरात गेली. यंत्राला तिने त्यानंतर हात लावला नाही. आपण काहीतरी बोलायला हवं होतं हे काकूंना तेव्हाही कळलं होतं. पण दुमड खरोखरच वाकडी होती.

सभागृहातलं काम एका दुकानवाल्या बाईंनी अंगावर घेतलं होतं. त्यांचं तयार कपड्यांचं दुकान होतं, आवाज खणखणीत होता, आणि दवाखान्याशी बोलणं, कापड मिळवणं, बेतणं, सगळं त्याच बघायच्या. पहिल्या दिवशी खुर्चीवर चढून त्यांनी सगळ्यांना काम समजावलं. शिवण कुठून घालायची, तिच्यावर चिकटपट्टी कशी दाबून बसवायची, तयार गाऊन कुठे ठेवायचा. शेवटी म्हणाल्या, चुकलं तर उसवत बसू नका, तो तुकडा कोपऱ्यातल्या खोक्यात टाका आणि दुसरा घ्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

काकूंनी हे नीट ऐकलं होतं. ऐकलं नाही असं त्या पुढे कधीच म्हणू शकल्या नाहीत. त्यांना फक्त वाटलं की हे नवशिक्यांसाठी आहे, नाहीतर ही बँकेतली माणसं दिवसभर एकच बाही उसवत बसतील. आणि दुकानवाल्यांचं काय, ठोक माल, एक गेला तरी दुसरा तयार. एवढ्या खटपटीने मिळवलेलं चांगलं कापड एका वाकड्या शिवणीपायी फेकून द्यायचं? काकूंचा जीव होईना. दुपारी सगळी जेवायला उठली की त्या खोक्यातले टाकलेले तुकडे काढायच्या, उसवायच्या, पुन्हा सरळ शिवायच्या, पट्टी बसवायच्या आणि तयार गाऊनच्या ढिगात ठेवून द्यायच्या. खोकं रिकामं दिसायला लागलं तशी दुकानवाल्या बाईंची समजूत झाली की माणसांचे हात आता बसले. त्यांनी सगळ्यांचं कौतुक केलं. काकू मनातल्या मनात हसल्या.

कापड मात्र वेगळंच होतं. बाहेरून तुळतुळीत, पाणी आत जाऊ न देणारं, सुती कापडासारखे उभेआडवे धागे नसलेलं. सुती कापडात सुई गेली तर धागे सरकतात, टाका काढला की पुन्हा जवळ येतात, एकदा पाण्यातून काढलं की भोक दिसतही नाही. या कापडात सुई जाई तिथे भोक पडे आणि भोक तसंच राही. उसवून पुन्हा शिवलेल्या बाहीवरून काकूंचं नख फिरे तेव्हा नव्या शिवणीच्या शेजारी जुन्या शिवणीची खरखर त्यांना लागायची. लागायची म्हणजे अगदी स्पष्ट लागायची. त्यांना वाटायचं, दिसायला जरा बरं नाही दिसत, पण आता लढाईच्या दिवसांत रूप कोण बघतंय. जन्मात पहिल्यांदाच त्या असं म्हणाल्या होत्या.

सून तेव्हा दवाखान्याच्या वसतिगृहात राहत होती. घरी यायची बंदी. अधूनमधून धुतलेले कपडे न्यायला यायची आणि खाली रस्त्यावर उभी राहून बोलायची, काकू आणि मुलगा वर गॅलरीत. एकदा बोलता बोलता ती म्हणाली की तुमच्या सभागृहातले गाऊन आता आमच्याकडे येतात. मग जरा अडखळून म्हणाली, “आई, एक सांगू का? काखेत फार ओढतो हो तो. पेशंटला कुशीवर वळवायला हात पुढे केला की पाठीतून ताणतो.”

काकूंना झालेला आनंद त्यांना लपवता आला नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सुनेने त्यांच्या शिवणकामाबद्दल काही मागितलं असं हे पहिल्यांदाच. त्या वरूनच ओरडून म्हणाल्या, “अगं, आत माया ठेवलेली असते की. सोडून देते.”

शिवणारी माणसं शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. पुढेमागे कपडा घट्ट झाला तर तेवढी जागा हाताशी असावी म्हणून. दुसऱ्या दिवशी काकूंनी ढिगातून चार चांगले गाऊन निवडले, काखेतल्या आणि पाठीतल्या शिवणी उसवल्या, माया सोडली आणि कडेकडेने नवी शिवण घालून वर पट्टी दाबली. सुनेचे खांदे त्यांच्या डोळ्यांपुढे होते, माप घ्यायची गरजच पडली नाही. मुलाने पिशवी दवाखान्याच्या फाटकापाशी नेऊन दिली. सुनेचा फोन आला, की आई, आता हात कसा मोकळा वर जातो, सगळ्याजणी विचारतात कुणाकडून शिवून घेतलास. हे वाक्य काकूंनी सभागृहात ज्याला त्याला ऐकवलं. बँकवाल्या काकांना दोनदा ऐकवलं. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

मग सुनेला ताप आला. तिच्याच दवाखान्यात, ती ज्या मजल्यावर काम करायची त्याच्या वरच्या मजल्यावर तिला ठेवलं. भेटायला जाता येत नव्हतं. फोनवर तिला वाक्य पुरं करता यायचं नाही, दोन शब्दांवर श्वास अडायचा. मुलगा खोलीतल्या खोलीत येरझारा घालायचा. काकू सभागृहात यायच्या, कारण घरी बसवत नव्हतं.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या भांडारातले एक गृहस्थ आले. हातात दोन गाऊन. कुणाला दोष द्यायला आलो नाही असं त्यांनी आधीच सांगितलं. काही गाऊन आतून ओले होतात अशी नर्सांची तक्रार होती, म्हणून त्यांनी तपासून बघितलं होतं. त्यांनी एका गाऊनची बाही पिशवीसारखी वर धरली, मनगटाकडून बांधली आणि आत तांब्याभर पाणी ओतलं. सगळी माणसं लांबूनच मान उंचावून बघत होती. पट्टी बसवलेल्या शिवणीतून थेंबही आला नाही. पण तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर, कापडाला घाम फुटल्यासारखं झालं. बारीक बारीक थेंब, एका ओळीत, सारख्या अंतरावर. थेंब मोठे झाले आणि खाली पडायला लागले.

भांडारवाल्यांनी समजावून सांगितलं. शिवण उसवून आत घेतली तर जुनी भोकं पट्टीच्या पलीकडे, टाकाऊ भागात जातात, फारसं बिघडत नाही. पण उसवून सैल केली, किंवा सरळ करताना बाहेर सरकवली, तर जुनी भोकं अंगावरच्या कापडात येतात. उघडी. आणि चिकटपट्टी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

माया सोडली की असंच होतं. काकूंना हे आणखी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुकानवाल्या बाईंचा चेहरा उतरला. त्या नेहमीच्या आवाजात बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, उसवू नका म्हणून. मग विचारलं, कुणी उसवलं?  ज्या बाईंचं नावच, दुकानवाल्या बाईंच्या माघारी, उसवणकाकू पडलं होतं त्या समोर बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे आपापल्या यंत्राकडे बघत होते. काकूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात बँकवाले काका म्हणाले, “माझं असणार. मीच वेडंवाकडं शिवतो, आणि मग उसवत बसतो.”

काकूंनी तोंड मिटलं. ते त्यांनी का मिटलं याचं उत्तर त्यांना पुढे कितीतरी दिवस सापडलं नाही. काकांना यंत्रावरून उठवून घड्या घालायला बसवलं, आणि ते निमूटपणे घड्या घालत राहिले. काकू घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तब्येत बरी नाही असा निरोप धाडला.

सून वाचली. घरी आली तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते आणि जिना चढताना ती प्रत्येक वळणावर कठडा धरून उभी राहत होती. दवाखान्याने तिला विश्रांती दिली होती. आता सगळं ठीक व्हायला हवं होतं, पण घरात एक नवीनच गोष्ट सुरू झाली. सुनेनेच आजारपणात नवऱ्याला सांगितलं होतं, की एका दुपारी फार थकवा आला म्हणून मैत्रिणीबरोबर छोट्या खोलीत मास्क खाली करून चहा प्यायले, तेव्हाच लागण झाली असणार. ती हे मन मोकळं करायला बोलली होती. मुलाने ते धरून ठेवलं. भीतीने अर्धा झाला होता बिचारा, आणि भीती गेल्यावर तिच्या जागी राग येऊन बसला. “एका चहापायी,” तो म्हणायचा. औषध देताना म्हणायचा, जिन्यात थांबल्यावर म्हणायचा. नातेवाइकांचे फोन यायचे त्यांनाही सांगायचा, काय सांगू, एका चहापायी. तिची आई फोनवर तिलाच बोलली, की तुला एवढं शिकवलं ते याच्यासाठी का. सून ऐकून घ्यायची. म्हणायची, चुकलंच माझं.

काकू भिंतीपलीकडून हे सगळं ऐकायच्या. उठून दारापर्यंत जायच्या आणि परत येऊन बसायच्या. स्वतःची समजूत घालायला त्यांच्याकडे कारणं भरपूर होती. आता सांगून तिची फुप्फुसं थोडीच परत येणार आहेत? ती आधीच अशक्त, तिला धक्का बसेल. कशावरून गाऊनमुळेच झालं? या प्रत्येक कारणावरून त्यांनी मनातल्या मनात नख फिरवलं, आणि प्रत्येक ठिकाणी ते अडलं.

एके दिवशी दुपारी मुलगा कामावर गेला होता. काकूंनी दोन कप चहा केला आणि एक सुनेच्या पलंगाशी नेला. ती खिडकीकडे तोंड करून उशीला टेकली होती. तिने कपाकडे बघितलं आणि म्हणाली, “नको, आई. मी सोडलाय.”

काकूंनी कप खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसल्या. मग त्यांनी सांगितलं. आधी माया कशी सोडली ते सांगितलं, मग भांडारवाल्यांचं, मग पाण्याचं. खोक्यातले तुकडे काढायच्या तेही सांगितलं. बँकवाल्या काकांचंही सांगितलं. मध्ये कुठेही रडल्या नाहीत. रडलं तर ती आपलीच समजूत घालत बसेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

सुनेने पेशंटला विचारावं तसं विचारलं. भोकं कुठल्या बाजूला आली होती? काखेत की पाठीत? पट्टी किती रुंद होती? काकू उत्तरं देत गेल्या. मग तिने विचारलं, “उसवायचं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?”

“सांगितलं होतं.”

सुनेने पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाली की त्या दिवसांत आम्ही कशाकशातून गेलो ते तुम्हाला नाही कळायचं, मास्क पुरत नव्हते, हातमोजे फाटायचे. “गाऊनमुळे झालं असं नाही म्हणता येणार. आणि नाही झालं, असंही नाही म्हणता येणार. ते आपल्याला कधीच कळणार नाही, आई.”

काकूंनी मान हलवली. एवढ्यावर संपेल असं त्यांना क्षणभर वाटलं. पण सुनेने त्यांच्याकडे वळून बघितलं आणि तिचा आवाज बदलला.

“ते राहू दे. मला एवढंच सांगा, घरी येऊन मला इतके दिवस झाले. मी रोज बोलणी खात होते. माझ्या आईचीसुद्धा. तुम्ही पलीकडे बसून ऐकत होता. तेव्हा का नाही बोललात?”

 भीती वाटली, एवढंच त्या म्हणाल्या. कुणाची, ते त्यांना सांगता आलं नाही. सून म्हणाली, “यांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.” आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कपावर साय धरली तरी काकू तिथेच बसून होत्या.

संध्याकाळी जेवताना काकूंनी मुलाला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. त्याने आईकडे बघितलं नाही, बायकोकडे बघितलं, ती ताटाकडे बघत होती. तो उठून हात धुऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला आणि आधी आपल्या सासूला, बायकोच्या आईला, फोन लावला. चहाचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही. आईशी मात्र तो कितीतरी महिने कामापुरतंच बोलला. येतो, जातो, किल्ली इथे ठेवलीय. काकूंनी त्याला कधी टोकलं नाही.

बँकवाल्या काकांकडे त्या स्वतः गेल्या. फाटकाबाहेर उभ्या राहून सगळं सांगितलं आणि हात जोडले. काका ओशाळले. म्हणाले, “मला माहीतच होतं हो काकू. ती पाण्याची ओळ कशी सरळ होती. माझी शिवण एवढी सरळ कुणाच्या बापाने बघितलीय?” काकूंना हसू आलं नाही. तुम्ही का अंगावर घेतलंत, असं त्यांनी विचारलं. तुमची सून आत होती ना तेव्हा, असं काका म्हणाले. हे ऐकून काकूंना आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानवाल्या बाईंनाही त्यांनी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की चूक माझीही आहे, नुसतं उसवू नका म्हटलं, का ते सांगायला हवं होतं. काकू म्हणाल्या, तुम्ही सांगितलं असतं तरी मी उसवलंच असतं. असं होतं की नव्हतं, याची त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. पण दुसऱ्या कुणाला वाटेकरी करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

एक गोष्ट त्यांना कुणालाच जाऊन सांगता येत नाही. खोक्यातल्या त्या बाकीच्या गाऊनचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. काही भांडारात सापडले, ते बाजूला काढले गेले. बाकीचे कुणी ना कुणी घातले आणि दिवसअखेर जाळून टाकले. घालणारी कोण होती, तिच्या घरी कोण होतं, ती कशी आहे, विचारायला जागाच नाही. बस थांब्यावर पांढऱ्या कपड्यातली एखादी मुलगी उभी दिसली की काकू तिच्याकडे बघत राहतात. एकदा एकीने विचारलं, आजी, ओळखता का मला? काकू नाही म्हणाल्या आणि बस न घेता चालत घरी आल्या.

सुनेने त्यांना माफ केलं का, हे विचारायची त्यांची छाती झालेली नाही. सून तसं बोलते. बाजारातून काय आणायचं ते विचारते, दुखतंय का विचारते, कधीकधी हसतेसुद्धा. तिने घातलेल्या घड्या आता तशाच राहतात. काकूंचा हात अजूनही तिकडे जातो, पण तो त्या मागे घेतात, आणि हे सुनेला दिसतं की नाही, त्यांना माहीत नाही.

सून पुन्हा कामावर जाते, पण मजल्यांवर नाही, लसी देण्याच्या खोलीत. जिना तिला अजून झेपत नाही, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी वरचं घर सोडून त्याच रस्त्यावर तळमजल्यावर घर घेतलं. या घरात एक खोली कमी आहे. काकूंचा पलंग आता बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी असतो.